सुडोकू आणि आप्तवाक्य

आषाढात महाबळेश्वरास जाऊ नये, असे जाणती माणसे सांगतात. आम्ही गेलो. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथे पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो, तेथे ऐन जुलैत जाण्याचे कारण एवढेच, की वाईस राहणाऱ्या आमच्या ज्येष्ठ बंधूंना चार दिवस हवापालट घडवावा असे वहिनींच्या मनात आले. हंगाम नसल्याने खोल्या स्वस्त होत्या. बाजारपेठेतील निम्मी दुकाने बंद, पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताचे झाप बांधलेले, आणि धुके दार उघडल्याबरोबर पाहुण्यासारखे आत येऊन बसणारे. सकाळचे वर्तमानपत्र पसरणीचा घाट चढून ओलसर अंगाने अकराच्या सुमारास पोहोचे. त्याची वाट आमच्यापेक्षा दादा अधिक पाहत, कारण त्याच्या आतल्या पानावर सुडोकू असे.

दादा गणिताचे शिक्षक होते. निवृत्त झाले त्याच सुमारास हे जपानी नावाचे कोडे आपल्याकडील वर्तमानपत्रांतून दिसू लागले, आणि तेव्हापासून जेवणाआधी एक सुडोकू हा त्यांचा नेम झाला. शिसपेन्सिल, खोडरबर, आणि चष्मा कपाळावर. गेल्या वर्षापासून मात्र त्यांना नावे आठवेनाशी झाली. एकदा ते नेहमीच्या वाण्याच्या दुकानाकडून घरी येताना वाट चुकले. डॉक्टरांनी इतर औषधपाण्याबरोबर 'मेंदूला काम द्या' असेही सांगितले, आणि घरातल्यांनी एका चांगल्या छंदाचे रूपांतर काढ्यात करून टाकले. "गोळी घेतलीत का?" या सुरातच "सुडोकू सोडवलेत का?" असे विचारले जाऊ लागले. कोडी सोडवल्याने विस्मरण टळते असे सिद्ध झालेले नाही. कोडी सोडवण्याने कोडी सोडवण्याचा सराव होतो, एवढे नक्की म्हणता येते. पण हे घरात सांगून उपयोग नव्हता, आणि दादा सोडवीत होते तोवर आम्हांसही बरे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी घडले ते असे. दादांनी त्र्याहत्तर, पंचाहत्तर, सत्त्याहत्तर घरे भरली आणि शेवटच्या चार घरांशी अडून बसले. जेवण झाले, वीज गेली, मेणबत्ती आली, तरी ती चार घरे रिकामीच. प्रत्येकात एक तर ४ किंवा ७. शेवटी रात्री त्यांनी एका घरात ७ लिहिला, त्यावरून उरलेली तीन भरली आणि झोपले. दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तर आले. त्या चारही घरांत नेमके उलट अंक होते. दादा बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहत राहिले. मग म्हणाले, "दोन उत्तरे तर असणारच नाहीत. म्हणजे माझेच काही तरी सुटले. आता हे माझ्याच्याने व्हायचे नाही रे." पेन्सिल त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवली आणि घराचे झाकण लावले.

आम्ही तो कागद मागून घेतला. दिवसभर पाऊस होताच. पहिल्यापासून एकेक अंक, प्रत्येक पायरी सक्तीची आहे ना हे पाहत, पुन्हा भरला आणि दादा जेथे पोहोचले होते नेमके तेथेच पोहोचलो. चार घरे उरली. ती दोन आडव्या ओळींत, दोन उभ्या ओळींत आणि दोनच चौकटींत होती. अशा चार घरांत ४ आणि ७ यांची अदलाबदल केली तर प्रत्येक ओळीत व प्रत्येक चौकटीत पूर्वीइतकेच ४ आणि पूर्वीइतकेच ७ राहतात. कोणताही नियम मोडत नाही. म्हणजे छापलेले उत्तर बरोबर होते आणि दादांचेही बरोबर होते. कोडेच चुकलेले होते.

कसे चुकले, याचाही माग लागला. बहुतेक सुडोकूंत दिलेल्या अंकांची मांडणी समरूप असते: चौरस अर्धा फिरवला तरी भरलेल्या घरांची नक्षी तीच राहते. आम्ही दिलेले अंक मोजले, ते सत्तावीस भरले. मधले घर रिकामे होते. मधले घर रिकामे असताना जोडीजोडीने मांडलेले अंक विषम कसे होतील? जोडीदार शोधत गेलो तेव्हा एक अंक एकटा सापडला, आणि त्याच्या समोरचे रिकामे घर त्या चारांपैकीच एक निघाले. कोडे ज्याने केले त्याने अठ्ठावीस अंक दिले होते. पानावर येईपर्यंत एक गळाला. असा एक अंक गळाल्याने जे घडले ते एरवी हसण्यावारी नेण्याजोगे होते. त्या खोलीत मात्र एका माणसाने त्यावरून स्वतःच्या बुद्धीविषयी निकाल देऊन टाकला होता.

येथून पुढचे सारे लिखाण त्या गळालेल्या अंकाविषयी आहे.

सुडोकूचा नियम एका वाक्यात मावतो. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या ओळी आणि तीन-बाय-तीनच्या नऊ चौकटी. यांतील प्रत्येकीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावेत. वर्तमानपत्रे हा नियम छापतात आणि तेवढाच छापतात. पण सुडोकूला आणखी एक नियम आहे, आणि तो सोडवणाऱ्यावर नसून रचणाऱ्यावर आहे: उत्तर एकच असले पाहिजे. शिवाय, सज्जन रचनाकार मानतात असा तिसराही आहे, की त्या उत्तरापर्यंत अंदाज न बांधता, विचाराने जाता आले पाहिजे. पहिला नियम पाळला नाही तर सोडवणाऱ्याचे चुकते आणि ते त्याला दिसते. दुसरा पाळला नाही तर रचणाऱ्याचे चुकते आणि तरीही सोडवणाऱ्याला आपलेच चुकले असे वाटते. आम्हांस हा भेद किरकोळ वाटत नाही.

नैयायिकांनी चार प्रमाणे सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सुडोकू हा निव्वळ अनुमानाचा खेळ आहे, अशी समजूत असते. ती पुरती खरी नाही. सराईत माणूस एक युक्ती वापरतो. वर सांगितल्यासारखी चार घरे आहेत, चारही कोरी; तिघांत फक्त ४ किंवा ७ शक्य आहेत, चौथ्यात ४, ७ किंवा ९. तो बेलाशक तेथे ९ लिहितो. का? तेथे ४ किंवा ७ आला तर कोड्याची दोन उत्तरे होतील, आणि कोड्याला उत्तर तर एकच असते. हे अनुमान कशावर उभे आहे? चौरसातल्या कोणत्याच अंकावर नव्हे. रचणाऱ्याने न बोलता दिलेल्या शब्दावर. म्हणजे येथे आप्तवाक्य हे प्रमाण म्हणून वापरले आहे. दादांनीही त्या सकाळी नेमके हेच अनुमान केले. दोन उत्तरे असणार नाहीत, सबब दोष माझा. अनुमान निर्दोष होते. आप्त तेवढा आप्त नव्हता.

(अंदाज बांधणे आणि 'असे मानले तर विसंगती येते, म्हणून तसे नाही' असे दाखवणे, या दोहोंत पुष्कळ जण गल्लत करतात. दुसऱ्याला न्यायशास्त्रात 'तर्क' हेच नाव आहे आणि ते प्रमाणांचे साहाय्यक मानले जाते. तेव्हा पेन्सिलीने हलकेच ७ लिहून पाहणाऱ्याने शरमिंदे होण्याचे कारण नाही, विसंगती सापडल्यावर त्याने तो खोडला म्हणजे झाले.)

हे कोडे आपल्याकडे आले तेव्हा दोन प्रकारची कौतुके झाली. एक, 'जपानी बुद्धीचा चमत्कार'. दुसरे, 'हे तर आमच्याकडे होतेच'. दोन्ही खरी नाहीत. कोडे अमेरिकेतले. इंडियानापोलिसचे वास्तुविशारद हॉवर्ड गार्न्स यांनी ते रचले आणि १९७९ साली डेल या प्रकाशनसंस्थेच्या कोड्यांच्या मासिकात ते 'नंबर प्लेस' या नावाने आले. कोड्यावर कर्त्याचे नाव नव्हते. ज्या ज्या अंकात हे कोडे येई त्या त्या अंकाच्या लेखकांच्या यादीत गार्न्स हे नाव असे, ज्यात नसे त्यात नसे, यावरून ते पुढे ओळखले गेले. १९८९ साली गार्न्स वारले तेव्हा आपले कोडे जगभर जाणार आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. १९८४ साली जपानमधील निकोली या कोड्यांच्या प्रकाशनाने ते उचलले. माकी काजी यांनी त्यास जे लांबलचक जपानी नाव दिले त्याचा भावार्थ 'अंकांनी अविवाहितच असावे' असा. 'सुडोकू' हे त्याचे लघुरूप. समरूप मांडणीचा आणि दिलेले अंक बत्तिसाहून अधिक नसावेत हा दंडक निकोलीने १९८६ पासून घातला. हाँगकाँगमध्ये न्यायाधीश असलेले न्यूझीलंडचे वेन गूल्ड यांनी टोकियोतल्या एका पुस्तकाच्या दुकानात हे कोडे पाहिले, निवृत्तीनंतर काही वर्षे खपून ते रचणारा संगणक-कार्यक्रम लिहिला आणि लंडनच्या 'टाइम्स'ला दिला. १२ नोव्हेंबर २००४ रोजी ते तेथे छापले गेले आणि वर्षाच्या आत जगाच्या पाठीवर कोठेही, अगदी वाईपर्यंत, पोहोचले.

आता 'आमच्याकडे होतेच' याविषयी. नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'त भद्रगणित नावाचे प्रकरण आहे. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चार-बाय-चारचा चौरस कोरलेला आहे, त्याची कोणतीही ओळ ३४ भरते. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६) अशा जादूच्या चौरसांवर प्रेमाने काम केले. ६१७४ या अंकाने त्यांचे नाव जगाला माहीत झाले ते वेगळेच. हे सारे थोर आहे. पण ते सुडोकू नाही. जादूच्या चौरसात बेरीज हा प्राण आहे. सुडोकूत बेरजेला स्थानच नाही. १ ते ९ च्या जागी नवग्रह मांडा, नवरस मांडा. शृंगाराच्या ओळीत दुसरा शृंगार नको आणि बीभत्साच्या चौकटीत दुसरा बीभत्स नको, एवढे पाळले की कोडे जसेच्या तसे सुटते. ज्यांना गणिताचा धसका आहे ते या कोड्यापासून दूर पळतात, ते विनाकारण.

सुडोकूचे खरे सगोत्र म्हणजे लॅटिन चौरस. त्यात चौकटी नसतात. प्रत्येक चिन्ह प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत एकदाच, एवढेच बंधन. आणि या गोत्रात एक मराठी नाव आहे, ते मात्र आपल्या कौतुकांत क्वचितच येते. ऑयलरने १७८२ साली छापलेल्या निबंधात प्रश्न घातला होता: सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचे मिळून छत्तीस अधिकारी असे उभे करता येतील काय, की कोणत्याही ओळीत एका पलटणीचे वा एका हुद्द्याचे दोघे येणार नाहीत? म्हणजे एकावर एक असे दोन लॅटिन चौरस, आणि प्रत्येक जोडी एकदाच. ऑयलरला ते जमले नाही आणि त्याने अनुमान बांधले, की ६, १०, १४, १८ अशा चारने भागता दोन उरणाऱ्या कोणत्याच संख्येला ते जमणार नाही. सहापुरते ते खरे असल्याचे १९०१ साली तारी या फ्रेंच गृहस्थाने सारे प्रकार तपासून दाखवले. बाकीचे लोक मानून चालले. ऑयलरहून मोठा आप्त कोण असणार?

१९५९ साली राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी ते अनुमान मोडीत काढले. प्रथम बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसचा चौरस रचून दाखवला, पार्करने दहाचा. आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केले, की सहाच्या पुढे ऑयलरचे म्हणणे एकदाही खरे नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ एप्रिल १९५९ च्या अंकात ही बातमी पहिल्या पानावर घेतली. श्रीखंडे १९१७ साली सागर येथे जन्मले, नागपुरास शिकले, पुढे अनेक वर्षे मुंबई विद्यापीठात गणित शिकवीत होते, आणि वयाच्या १०३व्या वर्षी, २०२० साली वारले. साहित्याच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाची १९७८ ची प्रचंड कादंबरी 'जीवन: वापराची रीत' ही दहा-बाय-दहा खोल्यांच्या एका इमारतीवर रचलेली आहे; कोणत्या प्रकरणात कोणत्या वस्तू यायच्या हे त्याने दहाच्या जोडचौरसांवरून ठरवले. ऑयलरचे खरे असते तर ते चौरसच अस्तित्वात नसते आणि कादंबरीचा हा सांगाडाही नसता. पॅरिसच्या त्या कादंबरीला नागपुराकडून गेलेला हा पाहुणा आमच्या वाङ्मयेतिहासात कोणी नोंदवलेला आम्ही तरी पाहिला नाही. असो.

दादांना आम्ही त्या सायंकाळी हीच गोष्ट सांगितली, थोडी लांबवून. १७७ वर्षे लोक ऑयलरच्या शब्दावर विसंबले, आणि ज्या कोणी दहाचा चौरस रचण्याचा यत्न करून सोडून दिला असेल, त्याने अपयश ऑयलरच्या खात्यावर न घालता 'ते अशक्यच आहे' म्हणून गप्प बसणे पसंत केले असेल. दादा म्हणाले, "माझे उलटे आहे. त्यांना शक्य असलेले अशक्य वाटले. मला दोन असलेले एक वाटले." ते म्हणताना त्यांचा जुना वर्गातला आवाज थोडा लागला.

रचणाऱ्याच्या दायित्वाविषयी एक आकडेवारी पुरे. नियम पाळून भरलेले पूर्ण सुडोकू किती असू शकतात, हे २००५ साली फेल्गनहाउअर आणि जार्विस यांनी मोजले: ६,६७,०९,०३,७५,२०,२१,०७,२९,३६,९६०. एवढ्या अरण्यातून सोडवणाऱ्याला एका झाडापाशी आणून सोडायचे असते, आणि हाती फक्त पंचवीस-तीस खुणा. कमीत कमी किती खुणा पुरतात? सतरा. सोळा अंक देऊन एकच उत्तर असलेले एकही सुडोकू नाही, हे डब्लिनचे गॅरी मॅकग्वायर व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली संगणकावर दीर्घ शोध घेऊन दाखवले. पण या सतराचा अर्थ लोक उलटा घेतात, की सतरा दिले म्हणजे झाले. नाही. ८१ पैकी ७७ अंक दिले आणि नेमकी ती चार घरे कोरी सोडली, तरी उत्तरे दोनच. खुणा किती यापेक्षा खुणा कोठे, याला महत्त्व आहे. म्हणूनच पानावर एक अंक गळणे हे बातमीत एक काना गळण्यासारखे नाही. काना वाचणारा मनातल्या मनात भरून घेतो. सुडोकूत गळालेला अंक भरून घेण्याचा कोणताच मार्ग वाचकाकडे नसतो.

यावर 'यंत्राने रचलेली कोडी अशीच असायची' असे म्हणणाऱ्यांची एक फळी आहे. आम्ही तीत नाही. निकोलीचे हस्तनिर्मित कोड्यांचे व्रत आम्हांस मोलाचे वाटते. हाताने रचलेल्या कोड्यात एक वाट असते, कोठे अडवायचे आणि कोठे एकदम दहा घरे उघडायची याचा विचार असतो, आणि ते सोडवताना समोर कोणी बसले आहे असे वाटते. यंत्राच्या कोड्यात समोर कोणी नसते. पण एकमेव उत्तराचे वचन यंत्र डोळे मिटून पाळते, क्षणात पडताळते. ते मोडते मागाहून, माणसाच्या हातून; ज्याला ती पेटी म्हणजे जाहिरात आणि राशिभविष्य यांच्यामधली मोकळी जागा वाटते, त्याच्या हातून. शब्दकोडे रचणाऱ्याचे नाव आपल्याकडे निदान कधीमधी छापले जाते. सुडोकू रचणाऱ्याचे, वा पुरवणाऱ्याचे, आम्ही पाहिलेले नाही. गार्न्स १९७९ साली निनावी होते, ते तसेच आजही. नाव नसले की चूक कोणाचीच नसते, आणि जी चूक कोणाची नसते ती सोडवणाऱ्याच्या पदरात पडते. आमचे मागणे मोठे नाही: कोड्याखाली कर्त्याचे नाव, किंवा ज्या यंत्राने केले त्याचे; पान छापायला जाण्यापूर्वी एकदा कोणी तरी ते सोडवलेले असणे; आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी, उत्तराच्या शेजारी, तशी कबुली. बातमीतल्या चुकीबद्दल दिलगिरी छापतात. कोड्यातल्या चुकीबद्दल छापलेली आम्ही अजून वाचलेली नाही.

सुडोकूच्या नाना आवृत्त्या निघाल्या त्यांविषयीही आमचे मत याच अंगाने जाते. नवा नियम नवा विचार करायला लावत असेल तर तो स्वीकारावा. केवळ पान भरत असेल तर सोडावा. पाच चौरस कोपऱ्याकोपऱ्यांनी जोडलेले ते 'सामुराई' आम्हांस सोसत नाही. ते एकाच अभंगाची पाच कडवी पाचदा म्हणण्यासारखे आहे. दोन कर्णांतही १ ते ९ आले पाहिजेत, हा छोटा नियम बरा. चौकोनी चौकटींऐवजी वेडेवाकडे तुकडे हा त्याहून बरा, कारण तेथे सवयीचे डोळे निकामी होतात. आणि बेरजेचे सुडोकू, ज्यास इंग्रजीत 'किलर' असे उगाच भयंकर नाव आहे, ते खरोखर सुंदर. तेथे अंक दिलेलेच नसतात. तुटक रेघांनी वेढलेल्या घरांच्या गटाची बेरीज तेवढी दिलेली असते. प्रत्येक ओळीची आणि चौकटीची बेरीज ४५, या एका गोष्टीवर सारा डोलारा. दोन घरांची बेरीज १७ म्हटली की ८ आणि ९. तीन घरांची ६ म्हटली की १, २, ३. सुडोकूत ज्या बेरजेला मघाशी आम्ही स्थान नाही म्हटले, ती येथे मागील दाराने येते आणि घर बळकावते.

नियम वाढले की खुणा कमी लागतात, ही यातली मौज आहे. २०२० च्या मे महिन्यात, घरोघरी लोक अडकून पडले असताना, मिचेल ली या रचनाकाराचे एक कोडे जगभर गाजले. नेहमीचे नियम, शिवाय बुद्धिबळातील राजाच्या वा घोड्याच्या एका चालीच्या अंतरावर तोच अंक नको, आणि कडेला कड लागून असलेल्या घरांत लागोपाठचे अंक नकोत. एवढे नियम, आणि चौरसात दिलेले अंक दोनच: एक १ आणि एक २. इंग्लंडमधील सायमन अँथनी या सोडवणाऱ्याने ते कॅमेऱ्यासमोर उघडले तेव्हा प्रथम ही थट्टा आहे असे त्याला वाटले. अर्ध्या तासाच्या आत त्याने ते सोडवले. साध्या सुडोकूस सतरा लागतात तेथे दोन पुरले, कारण उरलेले काम नियमांनी केले. वाङ्मयात हे नवे नाही. बारामतीच्या मोरोपंतांनी ओठांस ओठ लागणारे एकही अक्षर न घेता निरोष्ठ रामायण रचले. प, फ, ब, भ, म वर्ज्य, म्हणजे 'राम' हे नावच वर्ज्य! काव्यशास्त्राने चित्रकाव्याला अवर ठरवले आणि आम्ही ते मान मोडून मान्य केले. पण निरोष्ठ रामायण वाचताना आपण पंतांवर एक विश्वास टाकतो, की कोठेही ओठ मिटणार नाहीत. एके ठिकाणी चुकून 'म' आला असता तर साऱ्या रचनेचा पाया खचला असता, आणि दोष वाचकाचा म्हणायला कोणी धजले नसते. सुडोकू सोडवणाराही त्याच विश्वासाने पेन्सिल हाती घेतो. २००८ साली गोव्यात सुडोकूची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, अमेरिकेचा थॉमस स्नायडर तीत जिंकला. तशा स्पर्धांत कोडे आधी अनेकांकडून सोडवून, तपासून घेतात, हे वेगळे सांगायला नको. रोजच्या पानावर तेवढी कसोशी शक्य नाही हे आम्हांस कळते. पण स्पर्धकाला घड्याळ असते आणि प्रतिस्पर्धी असतो. रोजच्या पानासमोर जो बसतो त्याच्याकडे पुष्कळदा स्वतःच्या मनाखेरीज दुसरी कसोटी नसते.

चौथ्या दिवशी पावसाने थोडी उघडीप दिली. आम्ही क्षेत्र महाबळेश्वरास जाऊन पंचगंगेच्या देवळातले पाण्याचे ओघ पाहून आलो. दादा खोलीवरच राहिले होते. परतलो तेव्हा वहीच्या पानावर त्यांनी चार-बाय-चारचा चौरस आखलेला होता. नातीसाठी केलाय म्हणाले. नियम तोच, १ ते ४, दोन-बाय-दोनच्या चार चौकटी.

१ · · ·
· · · २
· · ४ ·
· ३ · ·

"उत्तर एकच आहे का, बघ," दादा म्हणाले. चारच खुणा, प्रत्येक ओळीत एक, प्रत्येक चौकटीत एक, आणि चारही अंक वेगळे. चार-बाय-चारचे पूर्ण चौरस २८८ होतात आणि चारांहून कमी खुणांत एकमेव उत्तर निघत नाही, हे आम्हांस वाचून ठाऊक होते; दादांनी ते बहुधा खोडरबराने शोधले होते. आम्ही सोडवले. कोठेही अडले नाही, उत्तर एकच निघाले. तसे सांगितल्यावर त्यांनी खालच्या ओळीतला ३ खोडला. "आता हा छापखान्यात गळाला. आता किती?"

आम्ही जरा तोऱ्यातच पाहिले. दुसऱ्या आणि चौथ्या आडव्या ओळींत, डावीकडच्या दोन उभ्या ओळींत, ती चार घरे आपल्या जागी हजर होती. ३ आणि ४ यांची अदलाबदल. "दोन," आम्ही म्हणालो.

"तीन," दादा म्हणाले.

तिसरे आम्हांस दुसऱ्या दिवशी वाईस उतरताना पसरणीच्या घाटात सापडले.